मानस

आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे.
खाजणाच्या बांधात बसवलेलं लाकडी दार.
भरतीच्या रेट्यानं मिटतं,
ओहोटी लागली की शेतातलं पाणी सोडतं.
कडी नाही, कुलूप नाही.
बाबा नुसते बत्ती घेऊन बसायचे रात्री,
दाराच्या तोंडाशी जाळं लावून, सुंगटांची वाट बघत.

हे मी ताळगावच्या पठारावर सांगितलं,
तिसऱ्या मजल्यावर, जिथे खिडक्यांना काळा कागद आहे.
कुलासो सर म्हणाले, प्रबंधाच्या प्रस्तावनेत घाल.
दुसऱ्या दिवशी स्वतःच खोडलं.

माझे कण:
केसाच्या जाडीत आठशे मावतील एवढे.
पोटात लोह, चुंबकानं ओढलं की येणारं.
वर सिलिका. म्हणजे शेवटी वाळूच,
मिरामारला चपलेत शिरते तिचीच जात,
फक्त मधाच्या पोळ्यासारखी घरं पडलेली.
घराघरात औषध भरायचं
आणि प्रत्येक उंबऱ्यावर एक रेणू उभा करायचा.
अंधारात ताठ असतो, कोणाला सोडत नाही.
उजेड पडला की कमरेत वाकतो.

लोह कुठलं गो? बाबांनी विचारलं होतं.
बंगळूरहून बाटली येते, मी म्हटलं.
ते हसले, खोकला येईपर्यंत.
बावीस वर्षं सारमानसच्या धक्क्यावर
बार्जी भरल्या त्यांनी,
बनियन कधी पांढरं दिसलं नाही,
आईनं धुतलेलं पाणी अंगणात लाल वाहायचं.
एवढा डोंगर पाठवला आम्ही, म्हणाले,
आणि तुम्ही चमचाभर विकत घेता.

आता ते बांबोळीला, अठरा नंबरच्या खाटेवर.
सलाइनच्या नळीतून उतरतं औषध
रातांब्याच्या आगळासारखं लाल.
लघवी लाल झाली तर घाबरू नका, सिस्टर फिलोमिना सांगते.
गाठ पोटात आहे,
पण औषधाला पत्ता कुठे माहीत?
ते आधी केसांकडे जातं, मग नखांकडे,
मग जिभेवर बसून पेजेची चव खातं.
भुवया गेल्यापासून बाबा
सतत आश्चर्य वाटल्यासारखे दिसतात.

तेच लाल औषध माझ्याकडेही आहे,
चार मिलिलिटरच्या काचेच्या डबीत.
फॉइल सोडलं, चुंबक टेकवला,
सगळे कण मुकाट एका भिंतीला.
दिवा लावला: पडद्यावरची रेघ चढली.
विझवला: रेघ आडवी.
परत लावला. परत चढली.
पायरी, पायरी, पायरी.
रात्रीचे अकरा वाजले होते
आणि मजल्यावर सांगायला कोणी नव्हतं.
वॉचमन पुंडलिकला सांगितलं.
तो म्हणाला, बरं झालं, आता फाटक बंद करू?

दुसऱ्या दिवशी तो आलेख बाबांना मोबाइलवर दाखवला.
त्यांनी बराच वेळ धरला,
होडीच्या तिकिटासारखा, उलटासुलटा.
मग म्हणाले,
"पूण गो बाय, पोटांत वोत कशें पावतलें?"

पोटात ऊन कसं पोचणार.
याच प्रश्नावर शेवटच्या प्रकरणात
माझी आठ पानं आहेत.
कातडीच्या खाली थोडं जातं,
नखाच्या जाडीची दोनचार पावलं,
मग मांस पिऊन टाकतं उजेड.
तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा,
जरा आत जातो. तरी तिथवर नाही.
आठ पानांत मी हे फार सभ्यपणे लिहिलंय.
त्यांना म्हटलं, अजून जमलेलं नाही.

त्यांनी मोबाइलची बत्ती लावली,
तळव्याखाली धरली.
मी लहान असताना मानशीवर धरायचे तशी.
बोटं आतून पेटली,
बार्जीवरच्या मातीच्या रंगाची.
हात हलवून हलवून बघत राहिले
दुसऱ्याचा असल्यासारखा.

इतकं तरी येतं ना, म्हणाले.

शेजारच्या खाटेवरून कोणीतरी ओरडलं, लाइट काढ रे.
काढला.
अंधारात नळीतून थेंब पडत होते,
त्यांना कोणाचीच परवानगी लागत नव्हती.

आज ओहोटी साडेतीनला, बाबा म्हणाले.
जाळं कोण लावणार?