एकतीस नंबरचा शर्ट

सोमवारी सकाळी शर्ट येतात माझ्याकडे, दोन पोत्यांत.
सामना मी रेडिओवर ऐकलेला असतो,
पण खरं काय झालं ते चिखल सांगतो.

पाच नंबर, वॉशिंग्टन, वय छत्तीस.
कोपरावर गवताचं हिरवं, पाठीवर चुन्याची रेघ,
आणि सगळ्या शर्टाला गुडघ्याच्या मलमाचा वास.

एकतीस नंबर, मायकोल, वय सतरा.
घडी जशीच्या तशी.
गळ्यापाशी फक्त कडू हिरव्या माते-चहाचा एक थेंब,
बाकावर बसून बसून सांडलेला.

मी तोही धुते.
न खेळलेला शर्ट तसाच ठेवला
तर पुढच्या आठवड्यात जास्त मळका दिसतो,
का ते मला विचारू नका.

फेब्रुवारीत प्रशिक्षक इरुरेता म्हणाला होता,
“हा पोरगा म्हणजे आपला उद्या.”
अध्यक्ष हसले.
सेर्रोच्या उतारावर त्यांचं मांसाचं दुकान आहे,
गल्ल्यामागे पाटी:
आज रोख, उद्या उधार.

ऑगस्ट. आमच्याकडे थंडीचा महिना,
नदीवरून ओला वारा येतो आणि दोऱ्यांवरचं काही वाळत नाही.
आमच्या खाली एकच संघ उरला होता,
त्याच्या खाली दुसरा विभाग,
जिथे पगार उशिरा होतो आणि धुणं हातानं.

त्या रविवारी वॉशिंग्टनचा गुडघा पपईएवढा.
सुई तयार होती. डॉक्टर तयार होता.
वॉशिंग्टनही तयार, चड्डी वर सरकवून बसलेला.
इरुरेता बराच वेळ त्या गुडघ्याकडे बघत राहिला म्हणे,
मग म्हणाला, “नको. एकतीस.”

मी इस्त्री करत ऐकत होते.
सत्तर मिनिटं रेडिओवाल्यानं पोराचं नावही घेतलं नाही,
बचावपटूला याहून मोठी शाबासकी नसते.
एकोणऐंशीव्या मिनिटाला घेतलं.
गोलरक्षकाकडे मागे दिलेला चेंडू
चिखलात अर्ध्या वाटेवर बसला.
शून्य–एक.

सोमवारी शर्ट आला, पहिल्यांदाच मळलेला.
छातीभर माती,
आणि गळ्याची शिवण दातांनी चावून उसवलेली.
ती मी पुन्हा घातली.
मंगळवारी इरुरेताचा ट्रॅकसूट आला:
धुवायचा, छातीवरची नावाची पट्टी काढायची.

नवा माणूस आला. करार अकरा सामन्यांचा.
अकरा सामन्यांच्या माणसाला
सतरा वर्षांच्या पोराशी काय देणंघेणं?
मी दोष देत नाही त्याला.
मीही महिन्याच्या महिन्यालाच जगते.

अकरा सामने. अकरा सुया.
एका गुणानं वाचलो.
टेकडीवर फटाके उडाले, पगार वेळेवर झाला,
आणि खोटं कशाला बोलू,
मीसुद्धा रस्त्यात नाचले, चपला हातात घेऊन.

पोराला खेळवलं असतं तर?
कदाचित ऑक्टोबरपर्यंत शिकला असता.
कदाचित मी आत्ता हात सोलेपर्यंत
दगडावर कापड आपटत असते.
रात्री मशीन बंद झालं की ही बेरीज मी करते,
दर वेळी उत्तर वेगळं येतं.

डिसेंबरात वॉशिंग्टन आला,
पायऱ्या तिरका होऊन उतरत, एकेक.
हातात एकतीस नंबर.
“एल्बा, पोराला हा होत नाही आता. खांद्यात अडतो.”

मी शर्ट उलटा करून पाहिला.
आठ महिने बाकावर बसून
पोरगं वाढलं होतं,
आणि ते कुणाच्या तक्त्यात नव्हतं.

आत शिवणीला एक बोट कापड राखलेलं असतं.
मीच राखते, नंबर शिवते तेव्हाच.
दोन बोटं राखली तर शर्ट ढगळ दिसतो,
अर्धं राखलं तर पुढे फाटतो.

वॉशिंग्टन स्टुलावर बसला, पाय लांब करून.
“घाई नाही,” म्हणाला.
मी दिवा लावला
आणि उसवायला घेतलं.