अकरा कॅन उधार

उणे एकतीस. नळाच्या तोंडाला बर्फाची दाढी.
मी खिडकीची फळी सरकवते, रांग मोजते:
सतरा माणसं, चाळीसेक कॅन, एक कुत्रं
आणि शेवटून तिसरी तू,
तोंडातल्या तोंडात काहीतरी कुटत.

उलानबातरच्या या टेकडीवर पाणी चढत नाही.
धूर चढतो.
गोल तंबूंच्या गळ्यातून निघतो, आमच्या गळ्यात उतरतो,
आणि खाली काचेच्या इमारतींतली माणसं
आमच्याकडे बोट दाखवून खोकतात.

तू ओयुंदारी. बादमची थोरली.
आई कारखान्यात बकऱ्यांची लोकर निवडते,
पांढरी वेगळी, करडी वेगळी,
घरी येऊन तुझी वही चाळते
आणि सगळीच एका ढिगात टाकते: कचरा.

आमच्या बोलीत यमक ओळीच्या शेपटाला नसतं,
कपाळाला असतं.
घोडा येतो तसं, आधी डोकं.
त्या सकाळी कॅनच्या पाठीवर थाप मारत तू सुरू केलंस:

काजळी माझी कुळकथा
काळीज माझं कोळशाचं
कॅन रिकामा, कानात वारा
कोण म्हणतं मी कोपऱ्यातली?

रांग हलायची थांबली.
माझ्या हातातला पाइप वाहत राहिला.
दोन लिटर सांडलं.
ते कुणाच्या नावावर लिहायचं, अजून ठरलं नाही.

मग नाव घेतलंस नूर्स. म्हणजे कोळसा.
बादम तीन दिवस बोलली नाही.
गान्सुखच्या भंगार कंटेनरात
भिंतींना जुने बुरणूस ठोकून पहिलं गाणं भरलंत,
चूल विझवून,
कारण माइकला चुलीचं तडतडणं ऐकू जातं.
ऐक नीट, त्या गाण्यात दुसऱ्या ओळीआधी
तुझे दात वाजलेत.

तळघरातल्या त्या सामन्याचं मला बिल्गूननं सांगितलं.
समोरचा पोरगा म्हणाला, जा, चहात मीठ घाल.
तू म्हणालीस, घातलं.
उरलंय ते तुझ्या जखमेपुरतं.
बिल्गून हे सांगताना इतका हसला
की त्याचा कॅन घसरत टेकडीच्या पायथ्याला गेला.

मग फोनच्या कंपनीची माणसं आली.
पांढरा कोट, पांढरा बर्फ, पांढरे दात.
गाणं तेच, फक्त तिसरं कडवं गायब,
धाकट्याच्या फुप्फुसांचं,
रात्री शिट्टी वाजते त्यांचं.
मी चिडले नाही.
खोटं कशाला बोलू, चिडले.
तुझा आवाज माझ्या रेडिओवर लागला
की मी पाइपाचा जोर वाढवायचे.

पण धाकटा आता सहाव्या मजल्यावर राहतो.
तिथे भिंत गरम असते.
नळ घरात आहे.
बादम म्हणते, पहिले दोन महिने ती रात्री उठून
तो नुसता उघडायची आणि बंद करायची.
एका कडव्याची किंमत किती,
मला पाण्याची ठाऊक आहे, तेवढीच.

इथे मात्र पोरं रांगेत ते गाणं लावतात.
दुसरं कडवं संपतं, जाहिरातीची सुरावट येते,
आणि सगळी पोरं, नाकं पुसत,
गाळलेलं कडवं तिथे स्वतःच म्हणून टाकतात.
त्यांना ते आधीपासून येतं.
कंपनीनं त्यांना विचारलं नव्हतं.

मागल्या आठवड्यात गाडीतून उतरलीस,
खिडकीशी येऊन पाकीट काढलंस.
मी म्हटलं, पैसे राहू दे. रांगेत उभी राहा.
राहिलीस. पातळ बूट, पाय आपटत,
पुढे नऊ माणसं.
कुणी सही मागितली नाही.
एका म्हातारीनं तुला कॅन धरायला दिला.
ओठ हलत होते तुझे, काहीतरी कुटत होतीस पुन्हा,
मी पाइप बंद करून ऐकायचा प्रयत्न केला.

मग फोन वाजला आणि गेलीस.
म्हातारीचा कॅन बर्फात सरळ उभा करून गेलीस, एवढं खरं.

वहीत अजून अकराच आहेत.
मी खोडलेले नाहीत.