हातचा

सकाळचे सहा पन्नास. बाहेर उणे अकरा.
माझी बस छोटी, चौदा जणांची,
पोरं मात्र तीनच.
मिडल स्कूलच्या दारात उचलायची,
चार मैलांवर हायस्कूलला नेऊन सोडायची,
भूमितीचा पहिला तास संपला की परत आणायची.
उरलेली आठवी तेव्हा कुठं दप्तरं शोधत असते.

आमच्या नेब्रास्कातल्या या गावात साखर होते,
पण वास साखरेचा नाही, उकडलेल्या मातीचा.
बीटचे ट्रक रात्रभर ओळीनं उभे.
त्यांच्यामधून बस काढताना कोल्बी रायसिग हिशेब सांगतो:
नववीत पाऊल टाकायच्या आधीच
आपल्या खात्यावर दोन क्रेडिटं.
त्याचा आजाही असाच, वासरं जन्मायच्या आधी मोजतो.
डॅशिएल योस्ट बोलत नाही.
हायस्कूलच्या बाकावर पाय जमिनीला टेकत नाहीत,
एवढं एकदाच म्हणाला, आणि काच पुसत बसला.

मारिसेला ओन्तिवेरोस मागच्या सीटवर पुटपुटते.
पक्ष. साध्य. सिद्धता.
रेघ अशी ओढली तर कोन तसा.
कानावर पडून पडून मलाही दोन प्रमेयं येतात आता,
आणि मी तर नववीत गणित सोडलेली.
खरं म्हणजे गणितानंच मला सोडलं.
बेरजेत हातचा घ्यायला विसरायची मी.
मिसेस ॲम्सबॉ लाल पेनानं
दशकाच्या घराच्या डोक्यावर बारीक एक काढून द्यायच्या,
म्हणायच्या, लव्होन, हा इथला नाही, पुढचा आहे,
पण विसरलीस तर सगळंच चुकतं.
या तिघांना उतरताना बघितलं की तो एक आठवतो.
तेराव्या वर्षीच पुढच्या घरात नेऊन ठेवलेला,
बारीक, लाल.

जानेवारीत सहामाहीचा निकाल लागला. मारिसेलाला सी.
दुसऱ्या दिवशी बसच्या पायरीशी तिचा बाप,
रात्रपाळी करून आलेला, बाहीवर साखर गोठलेली,
हातात शाळेचा कागद.
वाच म्हणाला. तिनं वाचला, त्याच्या भाषेत.
एकतीस वर्षं गाडी चालवतेय इथं,
स्पॅनिश मला पोटापुरती कळते.
कुठला शब्द गाळते याची मी वाट बघत होते.
तिनं एकही गाळला नाही.
हा शेरा हायस्कूलच्या नोंदीत कायमचा राहील.
किंवा शुक्रवारपर्यंत सही करा, शेरा पुसू,
क्रेडिटही त्यासोबत जाईल.
'कायमचा' म्हणताना आवाज तेवढा खाली गेला.

किती सकाळी गेलीस, रेफुहिओनं विचारलं.
एक्याऐंशी.
एकही खाडा नाही?
नाही.
मग भरलेल्या दिवसांची मजुरी
कुणी परत करतं का?
पण पप्पा, सी आहे.
तो गप्प. मग माझ्याकडे वळून, टोपी काढून:
तुम्ही सांगा.

मी म्हणाले, उशीर होतोय.
हे मला अजून खुपतं.
त्यानं कागद तिच्याच हातात दिला, पेनासकट.
तू आणशील तेव्हा सही करीन, म्हणाला,
आणि ट्रकांच्या ओळीकडे चालत गेला.

शुक्रवारी मागून पुटपुट ऐकू आली नाही.
दुपारी बस झाडताना तिच्या सीटखाली सापडला.
चार घड्या. सही नाही.
पाठीवर एक त्रिकोण,
शेंड्यातून पायाकडे सोडलेली रेघ अर्ध्यात थांबलेली,
खाली 'साध्य', आणि पुढं कोरं.
पडला असेल. टाकला असेल.
ऑफिस चारला बंद होतं. तीन चाळीस झाले होते.
चावीकडे हात गेला आणि तिथंच राहिला.
मग कागद मी आरशाच्या मागं खोचला,
जिथं माझं लायसन्स असतं.

सोमवारी उणे चौदा.
तिघंही आली. कोल्बीला सर्दी.
ट्रक ओलांडून हमरस्त्याला लागलो,
हीटर एकदाचा गरम हवा सोडू लागला,
तेव्हा मागून आवाज आला:
पक्ष.