मागच्या खोलीची किल्ली

गिरणारे मागे पडलं की रस्त्याला पाट्या लागतात:
द्राक्षछाया, सायंतारा, नीलजल.
कागदावर सगळी शेतघरं.
सात-बाऱ्यावर अजून टोमॅटो उभा आहे,
जागेवर निळ्या फरशीचा तलाव
आणि शनिवारच्या एका रात्रीचे बावीस हजार.

मी टेप, टॉर्च आणि नमुन्याची वही घेऊन उतरतो.
कनिष्ठ अभियंता. हद्द मोठी,
जीप आठवड्यातून दोनदा.

मालक ठाण्याला, फोनवर फार गोड.
"साहेब, आधी चहा घ्या, मग काय ते मोजा."
चहा चिंधू बेंडकुळे आणतो, राखणदार.

मंजूर नकाशात दोन खोल्या, एक ओटा.
इथे सात खोल्या, गच्चीवर पत्र्याचा बार,
जिना अडीच फुटी, कठडा गुडघ्याच्या जेमतेम वर.
हात लावला तर हलला,
दुधाचा दात हलतो तसा.

आग विझवायचं नळकांडं लाल, लख्ख पुसलेलं,
फुलदाणीशेजारी मांडलेलं.
तारीख पाहिली.
त्याला जाऊन तीन वर्षं झाली,
वर्षश्राद्धालाही कुणी आलेलं दिसत नाही.

न्हाणीघरात गॅसचा गिझर. खिडकी आरशानं बुजवलेली.
"पाहुण्यांना फोटोला लागतो आरसा," चिंधू म्हणाला.
मग माझ्याकडे न बघता,
"दिवाळीत एक पोरगी चक्कर येऊन पडली आत.
दार मीच तोडलं.
दाराचे पैसे मालकांनी पगारातून कापले नाहीत.
चांगले आहेत."

मागची खोली. खिडकीला गज,
गजांच्या चौकटीला कुलूप.
"किल्ली?"
"माझ्याकडं."
"आणि रात्री तू?"
त्यानं धरणाच्या अंगाला हात केला,
दोन मळ्यांपलीकडे एक छप्पर.
मी पावलं मोजत गेलो. चारशे बारा.
तीही दिवसाढवळ्या,
पायात बूट असताना.

तलावाच्या काठावर रंगवलंय: खोली चार फूट.
टेप सोडली. सहा फूट दोन इंच.
चिंधूनं झुडपामागून बांबू ओढून काढला,
त्यावर कोळशाच्या दोन रेघा,
एक त्याच्या छातीशी, एक डोक्यावर.
"लेकरं आली की आधी हा बुडवून दाखवतो.
मोठी माणसं हसतात.
हसू द्या."

नोटीस मालकाच्या नावानं निघते.
कलम, पोटकलम, तीस दिवसांची मुदत.
पोच म्हणून सही मात्र चिंधूची,
मोठ्या अक्षरांत, ओळीबाहेर गेलेली.
माझ्या नमुन्यात बांबूला रकाना नाही.
'इतर'मध्ये लिहिलं, मग खोडलं,
साहेब विचारतील, हे काय?

सोमवारी फाईल साहेबांच्या टेबलावर होती
आणि फाईलवर द्राक्षांची पेटी,
पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून.

रात्री सिडकोत, घरी.
गॅलरी आम्हीही बंद केलीय, पोरीच्या अभ्यासासाठी,
परवानगी कोण काढत बसतो.
जाळीला दार आहे, दाराला कुलूप, चोरांच्या भीतीनं.
"किल्ली कुठंय गं?"
"कसली?"
साडेअकरापर्यंत दोघं डबे उलथत होतो,
जुनी बिलं सापडली, राखी सापडली,
लग्नातलं एक बिनजोडीचं जोडवं सापडलं.

गुरुवारी परत गेलो. मुदतीला अजून तीन आठवडे.
जीप नव्हती, सहकाऱ्याची मोटरसायकल मागून घेतली.
कठडा तसाच. आरसा तसाच.
मागच्या खोलीत खिडकीशेजारी एक नवा खिळा,
खिळ्याला सुतळी,
सुतळीला किल्ली.
"मालकांनी सांगितलं?"
"त्यांना नका सांगू."

खिळा फार खाली ठोकला होता.
म्हटलं, कसं रे हे, वाकावं लागतंय.
चिंधू काही बोलला नाही,
तळहात हवेत धरून दाखवला,
एवढं लेकरू.

मी टेप काढली.
दोन फूट आठ इंच.
लिहून घेतलं. 'इतर'मध्ये.
या वेळी खोडलं नाही.