खोकला

बीट जमादार तुमडाम यांनी आणलेल्या कागदावर
पाच ओळी होत्या. रिकाम्या.
“गावाचे प्राधान्यक्रम,” ते म्हणाले,
मग आमच्या तोंडांकडे पाहून,
“म्हणजे आधी काय पकडायचं ते सांगा.”

समाजमंदिरात पंखा एकच, तोही सरपंचाच्या डोक्यावर.
पहिली ओळ मोटारपंपाच्या केबलीला गेली.
पोळ्यापासून अकरा वावरांतली केबल कापली,
जाळून तांबं काढल्याची काळी राख
नाल्याच्या पुलाखाली अजून आहे.
दुसरी बकऱ्यांची. चिंधू कोडापेचा बोकड
पांढऱ्या बोलेरोत बसून गेला म्हणतात,
मागच्या सीटवर, माणसासारखा.
तिसरी मोहाच्या दारूची. इथे आवाज जरा खाली आले,
कारण गाळणारा बैठकीतच होता
आणि पिणारे त्याच्याहून जास्त.
चौथी सट्टापट्टी, पाचवी शाळेच्या नळाच्या तोट्या.

बाया मागे, चपलांजवळ.
“बायांचं काही?” जमादारांनी विचारलं.
“बायायचं काय राह्यते बाप्पा,” कोणीतरी म्हणालं,
आणि चहा आला.

मी पोलीस पाटील. शिक्का माझ्या पिशवीत असतो.
गाव पाटलीणबाई म्हणतं, जसा काही नवराच पाटील;
तो बिचारा आरा मशीनवर लाकडं मोजतो.

सहावी ओळ माझ्या कोठ्याला लागून राहते.
दहाला तिथला बल्ब जातो, साडेदहाला ताट पडतं,
मग ताट नसलेलं काहीतरी.
सकाळी नळावर ती पदर गालापर्यंत ओढते.
म्हणते, गाईनं मारलं.
तिच्या घरी गाय नाही.

“तक्रार दे,” मी दोनदा म्हटलं.
“देतो. मंग झोपू कुठं?”

मी ती ओळ समासात लिहिली, नाव न घालता.
ठाण्यातल्या पोरानं कॉम्प्युटरवर पाच भरल्या
आणि कागद परत दिला:
“मॅडम, सहाव्याला यात जागाच नाही.”

ग्राम सुरक्षा दल म्हणजे नऊ पोरं, चार शिट्ट्या,
बॅटऱ्या दोन, त्यातली एक चालू.
आणि डोमा कोतवाल, त्याला झोप येत नाही म्हणून.
गस्तीचा रस्ता ठरलेला: स्टँड, पांदण, डीपी, पूल.
मी तो थोडा वाकवला.
“साडेदहाले इथं थांबाचं.”
“इथं कोनती केबल हाये?” गेडामच्या हंसराजनं विचारलं.
तेवढ्यात ताट पडलं.

पोरं आपापल्या पायांकडे पाहू लागली.
अशा वेळी शिट्टी वाजवायची की नाही
कुठल्याच परिपत्रकात नाही.
मग डोमा खोकला.
बिडीचा, खरा, छातीतून खरवडून काढलेला.
आत सगळं थांबलं.

दुसऱ्या रात्री आम्ही सगळेच खोकलो,
एकालाही सर्दी नसताना.
आठवड्यानं पानठेल्यावर तो मला म्हणाला,
“पाटलीणबाई, पोरायले दवाखान्यात दाखवा.”
म्हटलं, “दाखवते ना. तुमच्याच भिंतीजवळची
हवा लागते त्याईले.”

हे काही मोठं काम नाही.
साडेदहा टळले की साडेअकरा असतात,
आणि आम्हाला झोप असते.
हे मला माहीत आहे, अहवालात लिहीत नाही.

पण परवा, तूर फुलोऱ्यावर, थंडी पायांतून चढत असलेली,
आम्ही थांबलो, खोकलो,
आणि आतून खोकला आला.
बारीक. बाईचा. एकदाच.
हंसराजनं शिट्टी उगाच खिशात चाचपली.
“आयकलं?” डोमा म्हणाला.
कोणी उत्तर दिलं नाही. जरा जास्तच वेळ
थांबलो त्या सांदीत, मग डीपीकडे निघालो,
जिथे तोवर
बाराव्या वावरातली केबल गेली होती.