टिंब

रविवारी पहाटे पाच दहाला सूरहून खमीस अल-अरैमींचा फोन.
"सिद्दीक, मेरा दुकान किधर गया?"
दुकान जागेवरच होतं, खाडीच्या तोंडाशी, दीपस्तंभासमोर.
होड्यांची इंजिनं, पंखे, नायलॉनचे दोर,
सगळं कुलपात शाबूत.
हरवला होता तो पत्ता.

मी रुवीत, चौथ्या मजल्यावर,
एसीखाली मफलर गुंडाळून
दुकानाच्या नावाला विचारलं, राहतोस कुठं?
त्यानं आकडे सांगितले, चार खणांचे,
पाठ केलेल्या पाढ्यासारखे, न अडखळता.
मी त्या आकड्यांवर गेलो.
दार नाही, हाक नाही.
तो सर्व्हर मार्चमध्येच काढला आम्ही,
त्या खोलीत आता दिशदाशा शिवणारा बसतो.

म्हणजे म्हापणकर.
गुरुवारी, शेवटच्या दिवशी, एका हातात बॅग
आणि दुसऱ्या हातानं त्यानं जुनीच फाइल चढवली.

मेलचं तर त्याहून भलतं.
नोंदीत नावाच्या शेवटी एक टिंब द्यावं लागतं,
की बाबा रे, नाव इथं संपलं.
ते राहिलं.
मग यंत्र थांबलंच नाही, त्यानं पुढं तेच पुन्हा जोडलं:
मेल डॉट सूरमरीन डॉट ओएम डॉट सूरमरीन डॉट ओएम.
इमिग्रेशनच्या खिडकीशी पहिल्यांदा उभा राहिलेला पोरगा
घाबरून बापाचं नाव दोनदा सांगतो, तसं.
आपल्याकडे ध चा मा करायला
निदान एक अक्षर तरी लागलं होतं.

दुरुस्तीला पासवर्ड हवा.
"पासवर्ड विसरलात?" दाबलं.
नवा पाठवलाय, म्हणे, तुमच्या मेलवर.
त्याच मेलवर.
किल्ली पेटीत, पेटीला कुलूप.

देवरुखला फोन लावला.
मागं कोंबडा, भांडी, कुणाला तरी आंघोळीच्या हाका.
"सात वर्षं राबलो तिथं," म्हापणकर म्हणाला,
"एक टिंब राहिलं तर तिसऱ्या दिवशी फोन?"
मग जरा थांबून, "खमीसभाईंचा गुडघा कसाय?"
मग पासवर्ड. लेकीचं नाव, तिचं जन्मसाल,
"आणि शेवटी टिंब आहे, बरं का."

दिलं टिंब. बदलले आकडे. साठवलं.
पण ज्यांनी जुनं उत्तर ऐकलंय
ते त्यालाच धरून बसणार, शहाऐंशी हजार चारशे सेकंद.
आम्हीच लिहून दिलंय तसं:
एवढा वेळ पुन्हा विचारू नका.
रुवीत उघडतंय, सूरमध्ये नाही,
सलालाचा गिऱ्हाईक म्हणतो, मेल आला पण दुकान दिसत नाही.
कुणीच खोटं बोलत नाही.
खमीसभाई दर तासाला फोन करतात.
मी म्हणतो, उद्या. ते म्हणतात, इन्शाल्ला.
त्यांच्या तोंडून ते माझ्यापेक्षा पक्कं वाटतं.

कालुस्त्यात आईच्या फोनमध्ये अजून माझा जुना नंबर आहे.
तो आता सिल्हेटच्या एका पोराकडे गेलाय.
आधी दोघंही दचकली.
आता शुक्रवारी नमाजनंतर ती त्यालाच विचारते, जेवलास का,
आणि तो सांगतो काय शिजवलं ते.
कुठल्या भाषेत, अल्ला जाणे.
मला फोन येतो शनिवारी, बहिणीच्या मोबाइलवरून,
आणि आई म्हणते, तो बिचारा फार तिखट खातो.
नंबर बदलून दे म्हणून बहीण मागं लागलीय.
देईन. दोन वर्षं झाली.

सोमवारी पहाटे, पुन्हा पाचच्या सुमाराला,
"सिद्दीक, खुल गया."
मागं इंजिन फटफटतंय, समुद्र असणार.
मी हुश्श करून मफलर सोडतो.
"लेकिन," खमीसभाई म्हणतात,
"दाम सब पुराना दिखाता है."