चार माणसं, तीनशे वीस किलो

बाई आली होती वही घेऊन,
गळ्यात महोत्सवाची पट्टी,
म्हणाली, गोचा, तुमची लिफ्ट हवी आहे आम्हाला,
शनिवारी, चार ते सहा.
मी म्हटलं, लिफ्ट इमारतीची आहे,
माझ्या फक्त शिव्या, ज्यांच्यावर ती चालते.
तिनं तेही लिहून घेतलं.

आठवडाभर अख्ख्या तिबिलिसीत हेच चाललं होतं.
पाणी काढून टाकलेल्या पोहण्याच्या तलावात
खोल बाजूला उभं राहून
पोहता न येणारी तेवीस माणसं गायली.
दातांच्या डॉक्टरकडे, बाहेरच्या बाकांवर, नाटक झालं;
दाढ धरून बसलेल्या एकानं शेवटी टाळ्या वाजवल्या,
एकाच हातानं, मांडीवर.
भुयारी रस्त्यात मोज्यांच्या ठेल्यांमधून चित्रं टांगली,
लोकांनी भाव विचारले ते मोज्यांचे.
लामारानं मात्र दोन जोड देऊन
एक निळा घोडा घेतला,
आता गिऱ्हाइकाला म्हणते, तो विकायचा नाही.

आमची ग्लदानीतली नऊ मजली.
लिफ्टमध्ये डबी आहे,
दहा तेत्रीचं नाणं टाकलं की वर नेते.
खाली यायला पैसे पडत नाहीत.
ज्यानं हे ठरवलं त्याला माणसं कळत होती.
एकतीस वर्षं मी ती डबी उघडतोय:
बटणं, तुर्की नाणी,
एकदा कुणाच्या तरी पोराचा दुधाचा दात.

केतेवान नावाची मुलगी आली चेलो घेऊन.
पाटी वाचली. विचारलं,
ह्याला माणसात धरायचं की सामानात?
नियमात नाही, मी म्हटलं. भिंतीला टेकवू नका.

एका खेपेला दोन श्रोते.
वर जाताना वाजवायचं, येताना गप्प.
चार खेपा सुरळीत.
पाचव्या वेळी सातव्या मजल्यावरची त्सियाला आत घुसली,
दोन पिशव्या वांगी,
मला घरी जायचंय, तुमचं चालू द्या,
आणि नाणं तिनंच टाकलं.

पाच आणि सहाच्या मध्ये लिफ्टनं सुस्कारा सोडला,
मग काही नाही.
जीव टांगणीला लागतो म्हणतात तो असा,
तेलकट तारेवर, वांग्यांसकट.

मी धापा टाकत पाच मजले चढलो.
किल्ली भोकात घालणार
तर तळव्याखाली दार गुणगुणत होतं.
आत अंधारातच तिनं सुरू केलं होतं,
आणि ती उभी पोकळी, जिच्यातून आजवर
फक्त भांडणं आणि कांद्याचा वास वर गेला,
सूर घेऊन नवव्यापर्यंत भरली.
दारं उघडली. सपाता घातलेली माणसं
जिन्यावर येऊन बसली.
मध्येच त्सियालाचा आवाज:
थांब. ते मघाचं, खाली उतरणारं,
ते पुन्हा.
आणि पुन्हा आलं ते, खाली उतरत,
दारापलीकडून, माझ्या गुडघ्यांपर्यंत.

दोन मिनिटांचं काम होतं.
वरच्या खोलीतल्या रिलेवर फुंकर मारली की झालं.
कुणीतरी ओरडलं, गोचा, किती वेळ?
मी म्हटलं, पार्ट मिळत नाही.
हे खोटं मी हजारदा बोललो असेन,
पैशांसाठी, झोपेसाठी, फुटबॉलच्या मॅचसाठी.
या वेळी कशासाठी
ते वहीवाल्या बाईनं विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

पंचवीस मिनिटांनी काढलं त्यांना.
श्रोत्यांपैकी एक पांढराफटक,
दुसरा हसत होता आणि थांबेना.
त्सियालानं पिशव्या माझ्या हातात कोंबल्या,
सातव्यापर्यंतचे पैसे दिले होते मी, म्हणाली,
आता पोचव.

पोचवल्या.
दारात तिनं एक वांगं काढून दिलं, सर्वांत लहान.

रविवारी लिफ्ट निमूट चालली, दिवसभर, एकदाही न अडता.
नाणं टाकून लोक आत उभे राहत,
आणि पाचवा मागे पडला की
सगळे जरा वर बघत.